तीन बायका, बावीस हंडे

‘एक गाव असंही! इथे पाण्यासाठी पुरुष करतात तीन-तीन लग्नं!’

असं नोटिफिकेशन तुमच्या फोनवर कधी ना कधी आलं असेल. एखाद्या अ‍ॅपवरून, रीलमधून, नाहीतर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तुम्ही ते वाचलं असेल, ‘काय काय असतं जगात!’ असं मनात म्हटलं असेल आणि पुढे सरकला असाल. तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही पुढे सरकावं म्हणूनच ते तसं लिहिलेलं असतं. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण असली नोटिफिकेशन्स पाठवणाऱ्या एका कंपनीत मी दोन वर्षं नोकरी केली आहे.

कॉलेजातून बाहेर पडल्यावरची ती माझी दुसरी नोकरी. आमच्या अ‍ॅपमध्ये ‘अजब-गजब’ नावाचा एक विभाग होता. राजकारणापेक्षा तो जास्त चालायचा, क्रिकेट नसेल त्या दिवशी सगळ्यात जास्त चालायचा. कोणती बातमी कोणाला, किती वाजता, कोणत्या शीर्षकाने पाठवायची हे ठरवणारा कोड आमची टीम लिहायची. एकाच मजकुराला तीन शीर्षकं द्यायची, थोड्या थोड्या लोकांना पाठवून बघायची, आणि ज्यावर जास्त बोटं पडतील ते उरलेल्या सगळ्यांना पाठवायचं, अशी पद्धत होती. वरच्या गावाचीही तीन शीर्षकं होती. पहिल्यात ‘शहापूर तालुका’ आणि ‘पाणीटंचाई’ हे शब्द होते. दुसऱ्यात नुसतं ‘पाण्यासाठी दुसरं लग्न’ होतं. तिसरं तुम्ही वर वाचलंच. तिसरं जिंकलं. पहिलं इतकं मागे पडलं की त्याची आठवणही कोणी काढली नाही.

मग ते गाव आमच्या ‘जगातली १० विचित्र गावं’ या यादीत गेलं. शेजारी युरोपातलं एक शहर होतं, जिथे देशाची सीमा घरांच्या मधून जाते. जपानमधलं नागोरो होतं, जिथे माणसांपेक्षा बाहुल्या जास्त आहेत. प्रत्येकाला एक फोटो, चार ओळी, एक उद्गारचिन्ह.

दोन दिवसांनी मला मामीचा फोन आला. माझं आजोळ शहापूर तालुक्यातलंच, त्या गावापासून फार लांब नाही. फिरत फिरत ती यादी आमच्या घरच्या ग्रुपवर पोचली होती.

“अगं बाय, हे आपल्या डेंगणमाळचं ना?” मामी म्हणाली. “एवढं लिहिलंय, तर पाणी कुठं गेलं ते नाय लिहिलं व्हय कोणी?”

मी म्हटलं, “मामी, ते असं नुसतं गमतीचं असतं.”

“हां,” ती म्हणाली, आणि मग माझ्या लग्नाचा विषय निघाला. ती रागावली नव्हती. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो एवढा साधा होता की आमच्या अख्ख्या टीममध्ये तो कोणाला पडला नव्हता. मलाही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच तालुक्यातल्या विहिरीवर मामीच्या मागे कळशी घेऊन गेलेल्या मला!

म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. ‘अजब’ हा शब्द कुतूहल जागं करतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा तो कुतूहल झोपवतो. एखाद्या गोष्टीवर ‘विचित्र’ असा शिक्का बसला की ‘असं का?’ हे विचारायची जबाबदारी संपते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या विचित्रपणाचं बिल कोण भरतंय हे दिसेनासं होतं.

आधी डेंगणमाळचंच घ्या. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मामीच्या प्रश्नावर मी पहिल्यांदा आकडेमोड केली. ग्रामीण भागात माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी माप आहे. (शहरासाठी हेच माप १३५ लिटर आहे. ते तूर्त बाजूला ठेवू.) सहा माणसांच्या घराला ३३० लिटर लागतात. डोक्यावरच्या एका हंड्यात १५ लिटर धरले, तर बावीस हंडे. एका खेपेला दोन हंडे, म्हणजे तीस किलो पाणी आणि वर भांड्यांचं वजन. अशा अकरा खेपा. मी मामीबरोबर मे महिन्यात गेले होते तेव्हा विहिरीवर जाऊन, थांबून, भरून, परत यायला पाऊण तास लागायचा. अकरा गुणिले पाऊण तास, म्हणजे सव्वाआठ तास. एका माणसाची अख्खी शिफ्ट, तीही बिनसुट्टीची आणि बिनपगाराची. त्यात स्वयंपाक, मुलं, गुरं, शेत यातलं काहीच धरलेलं नाही. आजारपण नाही. बाळंतपण नाही.

आता बघा, तीन लग्नांची ती गोष्ट अचानक किती कमी विचित्र वाटते. एक बाई घर आणि मुलं बघते, बाकीच्या पाणी आणतात. त्यांना ‘पाणीवाल्या बायका’ म्हटलं गेलं. २०१५ च्या सुमारास ही गोष्ट जगभरच्या माध्यमांत गेली, तेव्हाच्या बातम्यांतच हेही होतं की यातल्या काही जणी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या होत्या. एकट्या बाईला गावात डोक्यावर छप्पर आणि थोडा मान मिळायचा तर कोणाचं तरी नाव मागे लागतं, आणि त्या नावाची किंमत हंड्यांमध्ये मोजली गेली. ही माहिती आमच्याकडे होती. चार ओळींत ती बसली नाही.

आणखी एक प्रश्न बसला नाही. त्या घरातल्या पुरुषाने स्वतः हंडा का उचलला नाही? शीर्षक वाचून हसताना आपण एक गोष्ट मुकाट्याने मान्य करतो, ती ही की पाणी आणणं हे बाईचंच काम आहे. तिथला पुरुष आपल्याला विचित्र वाटतो तो लग्नांच्या संख्येमुळे. पाणी बाईने आणायचं हे मात्र आपल्याला अगदी नॉर्मल वाटतं. मग सांगा, डेंगणमाळ आपल्यापासून नक्की किती लांब आहे?

आणि आता मामीचा प्रश्न. पाणी कुठे गेलं?

शहापूर हा कमी पावसाचा तालुका नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचा भाग आहे, पावसाळ्यात तिथे घराबाहेर पडवत नाही. याच तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, वैतरणेवरचं मोडकसागर आहे. तानसा धरण १८९२ चं, म्हणजे इंग्रजांनी बांधलेलं. मुंबईला सात तलावांमधून रोज साधारण ३,८०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. ते पाणी शंभरेक किलोमीटर वाहत शहरात पोचतं. आणि त्याच धरणांच्या तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतात. धरण खाली, पाडे वर, खडकात पाणी मुरत नाही, ही भूगोलाची बाजू झाली. पण वर पाणी चढवायला पंप लागतो आणि पंपाला पैसा लागतो. शहरात विसाव्या मजल्यावर पाणी चढतं तेही पंपानेच चढतं.

आता मी तुम्हाला एक शीर्षक देते. ‘एक शहर असंही! शंभर किलोमीटरवरून पाणी आणतात, तहानलेल्या गावांच्या शेजारून, आणि त्याने गाड्या धुतात!’ हे आमच्या यादीत कधीच आलं नाही. येणारही नाही. कारण ‘अजब’ कोण हे ठरवतो तो, ज्याच्या हातात यादी करायचं काम आहे. यादी करणारा नेहमीच नॉर्मल असतो.

आता त्या यादीतल्या युरोपातल्या शहराकडे येते, कारण तिथे मला माझंच म्हणणं तपासून बघायचं आहे. सगळ्याच विचित्र गोष्टींमागे दुःख असतं असं मला म्हणायचं नाही. बार्ले हे नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्यात तुकड्यातुकड्यांनी वाटलेलं शहर आहे. नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे बावीस तुकडे आहेत, आणि त्यातल्या काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे तुकडे आहेत. फुटपाथवर पांढऱ्या फुल्या मारून सीमा दाखवली आहे. घरातून सीमा जात असेल तर ज्या देशात पुढचा दरवाजा, त्या देशातलं घर, असा तिथला रिवाज. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दोन्ही देशांचे नियम वेगळे होते, त्यामुळे एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियममधला अर्धा भाग बंद आणि नेदरलँड्समधला अर्धा भाग चालू, असं झालं होतं. हे वाचून हसू येतं. येऊ द्या. मलाही येतं.

पण ते का येतं, याचा विचार करा. फुलीच्या अलीकडे शाळा आहे, पलीकडेही आहे. दोन्हीकडे दवाखाना आहे, वीज आहे, पोलीस आहेत. सीमा कुठूनही गेली तरी माणूस उघड्यावर पडत नाही. तिथला विचित्रपणा फुकट आहे, म्हणून तो गमतीचा आहे.

अगदी तशीच सीमा आपल्याकडे होती. तिची गंमत किती होती ते बघू.

पश्चिम बंगालमधलं कूचबिहार आणि बांगलादेशातला रंगपूरचा भाग यांच्या सीमेवर छिटमहल नावाचा प्रकार होता. बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे आणि भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१ तुकडे. त्यात दहाला खगडाबाडी नावाचं एक शेत होतं. ते भारताचं होतं. पण बांगलादेशाच्या तुकड्याच्या आत होतं, तो तुकडा भारताच्या तुकड्याच्या आत होता आणि तो पुन्हा बांगलादेशाच्या आत. जगात असं दुसरं ठिकाण नव्हतं. ‘जगातली सगळ्यात विचित्र सीमा’ म्हणून त्याचे नकाशे आजही फिरतात. त्यांच्याबरोबर एक गोष्टही फिरते, की दोन राजे बुद्धिबळ खेळायचे आणि हरलेला राजा एकेक गाव पणाला लावायचा, त्यातून ही सीमा झाली.

गोष्ट छान आहे, फक्त खरी नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल आणि कूचबिहारचं राज्य यांच्यात लढाई होऊन तह झाले. तेव्हा एकमेकांच्या हद्दीत ज्यांच्या ताब्यात जी जमीन राहिली, ती तशीच राहिली. तेव्हा त्याने कोणाचं फारसं अडत नव्हतं, कारण शेतसारा कोणाला द्यायचा एवढाच प्रश्न होता. पुढे १९४७ ला रंगपूर पाकिस्तानात गेलं, १९४९ ला कूचबिहार भारतात आलं, आणि शेतसाऱ्याच्या रेषा एका रात्रीत आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या.

आत राहणाऱ्यांचं काय झालं ते आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगते. सॉफ्टवेअरमध्ये ‘डेडलॉक’ नावाची गोष्ट असते. मला पुढे जायला तू थांबवलेली वस्तू हवी आणि तुला पुढे जायला मी थांबवलेली. दोघेही कायमचे अडकतात. छिटमहलमधल्या माणसाला आपल्या देशात जायचं तर आधी दुसऱ्या देशाची जमीन ओलांडायची. त्याला व्हिसा हवा. व्हिसाला पासपोर्ट हवा. पासपोर्ट काढायला आपल्या देशातल्या कचेरीत जायला हवं. आणि तिथे जायला व्हिसा हवा. आमच्याकडे असं झालं तर सर्व्हर रिस्टार्ट करतो. तिथे माणसं होती.

शाळा नाही, वीज नाही, पोलीस नाहीत, रेशनकार्ड नाही. मग लोकांनी वाट काढली. मुलाला पलीकडच्या शाळेत घालायचं तर तिथल्या ओळखीच्या माणसाचं नाव बाप म्हणून लावायचं. बाळंतपणासाठी बाईला सरकारी दवाखान्यात न्यायचं तर तिथल्या कोणाचं तरी नाव नवरा म्हणून सांगायचं. म्हणजे डेंगणमाळला पाण्यासाठी नवरा, तर इथे दवाखान्यासाठी नवरा! दोन हजार किलोमीटरच्या अंतरावर, एकमेकींचं नावही न ऐकलेल्या बायका एकाच उपायापाशी आल्या होत्या. यात संस्कृतीचा चमत्कार शोधू नका. जी सोय सरकारने नागरिकाला द्यायची, ती बाईला नवऱ्याच्या नावावर उधार घ्यावी लागली, एवढंच ते आहे.

आणि हे माहीत नव्हतं असंही नाही. १९५८ ला नेहरू आणि फिरोजखान नून यांच्यात तुकड्यांच्या अदलाबदलीचं ठरलं. १९७४ ला इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी करार केला. प्रत्यक्षात अदलाबदल झाली ती शंभरावी घटनादुरुस्ती होऊन, ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. तोवर आत पन्नास हजारांहून जास्त माणसं होती. करारापासून एकेचाळीस वर्षं. या सगळ्या काळात बाहेर बुद्धिबळाची गोष्ट मजेत फिरत होती. माझा आक्षेप नेमका त्या गोष्टीवर आहे. राजांच्या खेळातून हे झालं असं म्हटलं की तो इतिहासाचा विनोद ठरतो आणि विनोदाला कोणी जबाबदार नसतं. करार करून तो चाळीस वर्षं तसाच ठेवला असं म्हटलं, तर मात्र कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

इथे कोणी म्हणेल, ‘ताई, एवढं काय सिरियस? चार ओळी वाचून कोणाचं काय बिघडतं? आपण काही तिथे जाऊन त्रास देत नाही.’

हा मुद्दा मीही मीटिंगमध्ये मांडलेला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देते. बघणाऱ्याच्या हौसेने जीव गेल्याचं उदाहरण आहे.

पॅसिफिक महासागरात व्हानुआटू नावाचा देश आहे. त्यातल्या पेंटेकॉस्ट बेटावर पुरुष लाकडी मनोऱ्यावरून घोट्याला वेली बांधून खाली उडी मारतात. मनोरा वीस ते तीस मीटर उंच. आमच्या अ‍ॅपमध्ये याचा मथळा ‘मृत्यूशी खेळणारे आदिवासी’ असा होता. तो लिहिणाऱ्याने मनोरा कसा बांधतात हे वाचलं असतं तर असा मथळा दिला नसता. प्रत्येक उडी मारणाऱ्यासाठी त्याच्या वजनाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे वेल निवडली जाते. फळी अशी बसवलेली असते की वेलीला ताण बसताच ती खाली झुकते आणि झटक्यातला काही जोर तीच पिऊन टाकते. आम्ही हे मेकॅनिक्समध्ये ‘शॉक अ‍ॅब्सॉर्प्शन’ म्हणून चार मार्कांसाठी पाठ केलं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा असतो हंगाम. एप्रिल ते जून या काळात वेलीत पुरेसा रस असतो, ती लवचिक असते. उडीचा संबंध सुरणासारख्या कंदाच्या पिकाशी आहे, आणि त्या पिकाचाही हाच हंगाम.

१९७४ साली ब्रिटनची राणी एलिझाबेथ त्या बेटांवर येणार होती. तेव्हा तिथे ब्रिटन आणि फ्रान्सचं संयुक्त राज्य होतं. राणीला काहीतरी बघण्यासारखं हवं म्हणून प्रशासनाने उड्या ठेवायला लावल्या. महिना फेब्रुवारी. वेली अजून तयार झालेल्या नव्हत्या. एक जण जमिनीवर आपटला आणि दगावला.

ज्यांना आपण ‘मृत्यूशी खेळणारे’ म्हणतो त्यांना कधी उडी मारायची नाही हे पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं ते बघायला आलेल्यांना, कारण त्यांना फक्त दृश्य हवं होतं. का, कधी आणि कसं, हे त्यांनी विचारलं नाही. पुढे १९७९ च्या १ एप्रिलला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून काही हौशी तरुणांनी रबरी दोर बांधून उड्या मारल्या आणि त्याचा आज जगभर धंदा आहे. तीच उडी शहरातल्या माणसाने पैसे भरून मारली की ती ‘अ‍ॅडव्हेंचर’, आणि बेटावरच्या माणसाने मारली की ती ‘अजब’.

तर चार ओळींनी असं बिघडतं. आपण बघणारे आहोत. बघणाऱ्यांना काय हवं, यावर बघण्याच्या जागी काय घडतं हे अवलंबून असतं. कोट्यवधी लोकांनी पहिलं शीर्षक सोडून तिसऱ्यावर बोट ठेवलं की ‘पाणीटंचाई’ हा शब्द पडद्यावरून जातो. आणि पडद्यावरून गेलेला शब्द पुढाऱ्याच्या भाषणातूनही सावकाश जातो.

मी आश्चर्याच्या विरोधात नाही. उलट माझं म्हणणं आहे की आपल्याला खरं आश्चर्य मिळतच नाही, त्याच्या जागी भेसळ मिळते. दोन्हींत फरक कसा करायचा? एक सोपी चाचणी आहे. माहिती वाढवून बघा. भेसळीचं आश्चर्य माहिती वाढली की विरघळतं. बुद्धिबळाची गोष्ट एका तहापुढे टिकत नाही. तीन बायका बावीस हंड्यांपुढे टिकत नाहीत. खरं आश्चर्य मात्र माहितीने वाढतं.

उत्तराखंडातलं रूपकुंड घ्या. पाच हजार मीटर उंचीवरचं तळं, ज्यात शेकडो माणसांचे सांगाडे आहेत. १९४२ ला एका वनरक्षकाने ते पाहिले तेव्हापासून तर्क चालू होते. सैन्य असेल, साथ असेल, यात्रेकरू गारपिटीत सापडले असतील. शेवटचा तर्क बरीच वर्षं मान्य होता. मग २०१९ ला ३८ सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञही होते. निघालं असं की त्यातले २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, साधारण हजारभर वर्षांपूर्वीचे, आणि तेही सगळे एका वेळी मेलेले नाहीत. १४ जण भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातल्या, ग्रीस-क्रीटकडच्या लोकांशी नातं सांगणारे, आणि गेल्या काही शतकांतलेच. एक जण आग्नेय आशियातला. ग्रीसकडची माणसं हिमालयातल्या त्या तळ्याशी काय करत होती? याचं उत्तर अजून कोणाकडे नाही. ‘सांगाड्यांचं गूढ तळं!’ या शीर्षकाने जेवढं आश्चर्य वाटलं असतं, त्याच्या कितीतरी पट ते हे वाचून वाटतं. आणि ते मिळालं, कारण कोणीतरी ‘गूढ’ या शब्दापाशी थांबलं नाही.

कंपनीत मी एक प्रयत्न केला होता, तो सांगते. आमचे लेखक ज्या फॉर्ममध्ये मजकूर भरायचे त्यात शीर्षक, फोटो, ठिकाण आणि टॅग असे रकाने होते. मी सुचवलं की ‘अजब-गजब’साठी आणखी एक रकाना करू. त्याचं नाव ‘का?’. एकच वाक्य, पण सक्तीचं. ते भरल्याशिवाय मजकूर पुढे जाणार नाही. कोड लिहायला मला एक दुपार लागली. मीटिंगमध्ये सगळ्यांना कल्पना आवडली. मग कोणीतरी विचारलं, ‘पण कारण वाचल्यावर युजर पुढच्या कार्डवर जाईल का?’ थोडी शांतता झाली. रकाना राहिला, फक्त सक्ती गेली. पुढच्या महिन्यात मी बघितलं तेव्हा जवळपास सगळे ‘का?’ रिकामे होते. मी राजीनामा वगैरे दिला नाही, लगेच तर नाहीच. घराचं भाडं होतं. वर्षभराने दुसरी नोकरी मिळाली तेव्हा सोडली. म्हणून मी कोणाला शहाणपण शिकवतेय असं समजू नका. मी तो रिकामा रकाना तुमच्याकडे पाठवतेय.

पुढच्या वेळी ‘एक गाव असंही’ समोर आलं की फॉरवर्ड करण्याआधी तो भरून बघा. असं का? आणि याचं बिल कोण भरतंय? दोन मिनिटं लागतात, फोन हातातच असतो. उत्तर ‘कोणीच नाही’ असं आलं, बार्लेसारखं, तर खुशाल हसा आणि पाठवा. उत्तर ‘कोणीतरी बाई, रोज सव्वाआठ तास’ असं आलं, तर पाठवताना तेवढं एक वाक्य वर टाईप करा. एवढंच. यादी बनवणारे आम्ही सुधारणार नाही. बोट कशावर पडतं हे बघून आम्ही चालतो. बोट तुमचं आहे.

गेल्या मे महिन्यात आजोळी गेले होते. मामीच्या दारात आता नळ आहे. निळा पाइप, सिमेंटचा छोटा ओटा, पितळी तोटी, सगळं नीट. कोणीतरी येऊन तिचा नळासोबत फोटोही काढून नेला आहे. पाणी अजून आलेलं नाही. मामीने तोटीवर ओलं फडकं वाळत घातलं होतं.

“हे टाक की तुमच्या त्या अजबमध्ये,” ती म्हणाली आणि हंडा उचलून विहिरीकडे निघाली. मी दुसरा उचलला.